चिठ्ठीला लेबल

कुरुंद्यात मी चौथीला शिकवते. वर्गात आमची एक तक्रारपेटी आहे, बुटाच्या खोक्याची. शनिवारी ती उघडून मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे: पाणी, अभ्यास, भांडणं. एकीत लिहिलं होतं, "बाई, नळावर मोठी पोरं मला पाणी पिऊ देत नाहीत." 'नळ' वाचला अन् मी ती पाण्याच्या गठ्ठ्यात टाकली. पुढं नळाची तोटी बदलली, तसा अख्खा गठ्ठाच निकालात काढला. ती पोरगी मात्र पंधरा दिवस मधल्या सुट्टीत तहानलेलीच!

दिवाळीत धाकटा भाऊ पुण्याहून आला. तो सॉफ्टवेअर बनवतो. म्हणाला, "ताई, गठ्ठे कशाला करतेस? लेबलं लाव." गिटहबवर म्हणे प्रत्येक अडचणीची वेगळी नोंद असते. तिला रंगीत लेबलं लावतात: बिघाड, प्रश्न, मदत हवी. गठ्ठ्यात चिठ्ठी एकाच जागी बसते. लेबलं मात्र एकीला तीन-चारही लागतात, नि त्यातलं कुठलंही धरून ती सापडते. नवख्याला जमेल अशा कामाचंही लेबल असतं. हे मला फारच आवडलं.

मग आम्ही घोटीव कागदाचे तुकडे चिकटवू लागलो. निळा पाण्याचा, लाल भांडणाचा, हिरवा म्हणजे 'माझं मी करीन'. पोरांना इतकी हौस, की आठवड्यात बावीस लेबलं झाली! सहावर आणली.

त्या मुलीची चिठ्ठी मी पुन्हा काढली. निळा लावला, लाल लावला. हिरव्यासाठी तिच्याकडं पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. मधल्या सुट्टीत मीच नळापाशी जाऊन उभी राहिले.