प्रॉक्सी, प्रमाणपत्र आणि एक सोयीची ओळ

आमच्या धंद्यात काही कामं अशी आहेत की ती जमतात याचा अभिमान वाटतो, पण बायोडेटात लिहायला संकोच होतो. कंपनीच्या प्रॉक्सीमागे बसून पिप, एनपीएम, मॅव्हन, डॉकर यांना बाहेरून पॅकेज आणायला लावणं हे त्यातलंच. ते आताच लिहायला घेतलं, त्याला कारण आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या पिपच्या २४.२ या आवृत्तीपासून, पायथन ३.१० किंवा त्यापुढचं असेल तर, पिप ऑपरेटिंग सिस्टीमची प्रमाणपत्रांची यादी आपणहून वाचतं. २०२५ च्या पूर्वार्धात नोडच्या २२ आणि २३ या मालिकांतही तसं करायला सांगणारा पर्याय आला. म्हणजे ज्या माहितीवर माझ्यासारख्यांची टीममध्ये पत होती, तिची गरज संपत चालली आहे. बरं वाटायला हवं. पूर्ण वाटत नाही. पण पत जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या कामातला चिवट भाग प्रॉक्सीच्या पत्त्याचा नाही, कोणी कोणावर विश्वास ठेवायचा याचा आहे. आणि तो सोडवण्याऐवजी तपासणीच बंद करून टाकायची सवय आपल्या सगळ्या धंद्याला लागली आहे.

पत्त्याचा भाग वैतागवाणा आहे, यात वाद नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये प्रॉक्सी लिहायची रीत सर्नच्या वेब लायब्ररीपासूनची, १९९४ च्या सुमाराची. तिचं पक्कं प्रमाण कधी ठरलंच नाही, त्यामुळे प्रत्येक टूल ती आपापल्या मनाने वाचतं. साध्या एचटीटीपीसाठीचं व्हेरिएबल कर्ल फक्त स्मॉल अक्षरांत असेल तरच मानतं, कारण सीजीआय सर्व्हरवर कोणीही ‘प्रॉक्सी’ नावाचा हेडर पाठवला की त्याचं कॅपिटल अक्षरांतलं नेमकं तेच व्हेरिएबल बनतं. ही फट २०१६ साली ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने गाजली. मॅव्हन ही व्हेरिएबल्स वाचतच नाही, त्याची सेटिंग्ज फाइल वेगळी. डॉकरच्या डीमनला एकदा सांगायचं, कंटेनरला पुन्हा सांगायचं. नो-प्रॉक्सीमध्ये आयपीचा अख्खा पट्टा लिहिला तर काहींना कळतो, काहींना नाही. कर्लला तो ७.८६ या आवृत्तीपासून कळायला लागला. पासवर्डात ‘@’ असेल तर त्याच्या जागी ‘%४०’ लिहायचं, आणि पासवर्ड बदलला की जुना कुठे कुठे पडून आहे ते शोधायचं, नाहीतर बिल्ड सर्व्हर तोच पुन्हा पुन्हा पाठवून अकाउंट लॉक करून ठेवतो. पुण्या-मुंबईत बसून परदेशी क्लायंटच्या नेटवर्कवर काम करणाऱ्याच्या वाट्याला तर अनेकदा दोन प्रॉक्सी येतात, एक आपली आणि एक त्यांची. पण हा सगळा त्रास सरळ आहे. चुकलं की ४०७ येतो किंवा जोडणी लटकते, आणि वेळ सोडून दुसरं काही जात नाही.

चिवट भाग यानंतर सुरू होतो. कंपनीची प्रॉक्सी बहुतेक ठिकाणी टीएलएस मध्येच उघडते, आतला मजकूर तपासते आणि स्वतःच्या रूट प्रमाणपत्राच्या जोरावर नवं प्रमाणपत्र बनवून पुढे देते. अशा ठिकाणी ओपनएसएसएल वापरून एनपीएमच्या रजिस्ट्रीशी जोडणी करून पाहा. प्रमाणपत्र कोणी दिलं त्या ओळीत आपल्याच कंपनीचं नाव दिसेल. ब्राउझरला याचं काही वाटत नाही, कारण ते रूट प्रमाणपत्र आयटीने विंडोजच्या साठ्यात आधीच टाकलेलं असतं. म्हणून हेल्पडेस्कचं उत्तरही ठरलेलं असतं: इंटरनेट तर चालू आहे. पण पिप वर्षानुवर्षं मोझिलाची यादी स्वतःबरोबर घेऊन फिरत होतं. नोडच्या बायनरीतही मोझिलाचीच यादी भरलेली असते. जावाची यादी ‘सीएसर्ट्स’ नावाच्या फाइलीत, जिचा मूळ पासवर्ड ‘चेंजइट’ असूनही तो सहसा कोणी बदलत नाही. विंडोजवरचं गिट कोणता साठा वाचेल, ते इन्स्टॉल करताना कुठला पर्याय निवडला होता त्यावर. कंटेनरला तर होस्टवरचा साठा दिसतच नाही. मग एकाच कारणावरून एनपीएम म्हणतं साखळीत सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्र आहे, गिट म्हणतं प्रमाणपत्र देणारा सापडत नाही, आणि जावा ‘पीकेआयएक्स’ने सुरू होणारा लांबलचक एरर ओकतं. नवख्याला हे तीन वेगळे आजार वाटतात, आणि तो तीन वेगळी औषधं शोधत बसतो.

समजा आजार एकच आहे हे कळलं आणि कंपनीचं प्रमाणपत्रही हातात आलं, तरी सुटका नाही. विंडोजमधून काढलेली ती फाइल बऱ्याचदा बायनरी रूपात असते, आणि नोडला मजकुराच्या रूपातली, म्हणजे पेम, हवी असते. जादा प्रमाणपत्रासाठीच्या व्हेरिएबलमध्ये चुकीच्या रूपातली फाइल दिली, तर नोड एकदा इशारा छापून मुकाट्याने पुढे जातं. बिल्डच्या लॉगच्या पुरात तो इशारा कोण वाचणार? डेबियनवर फाइलीचं एक्स्टेंशन सीआरटी नसेल तर यादी अद्ययावत करणारी कमांड तिच्याकडे बघतही नाही. आणि याहून अवघड गाठ म्हणजे, काही टूल्स तुमचं प्रमाणपत्र आपल्या यादीत जोडतात, तर काही त्या यादीच्या जागी बसवतात. नोडचं ते व्हेरिएबल जोडतं. एनपीएमची ‘सीएफाइल’ आणि पिपचा ‘सर्ट’ जागा घेतात. कोणी भाबडेपणाने तिथे फक्त कंपनीचं प्रमाणपत्र दिलं, तर ऑफिसात सगळं सुरळीत चालतं आणि घरी व्हीपीएनशिवाय काहीच चालत नाही, कारण बाहेरच्या खऱ्या संस्था यादीतून गेलेल्या असतात. खरा उपाय म्हणजे मोझिलाची पूर्ण यादी आणि कंपनीचं रूट एका फाइलीत जोडून ती द्यायची. पण घरी फसलेल्या माणसाचा निष्कर्ष असा असतो की प्रमाणपत्राची भानगड आपल्याकडे चालत नाही. अर्धवट केलेला बरोबर उपायच माणसाला चुकीच्या उपायाकडे ढकलतो, आणि तो चुकीचा उपाय एका ओळीवर तयार असतो.

ती ओळ सगळ्यांना ठाऊक आहे. एनपीएममध्ये ‘स्ट्रिक्ट-एसएसएल’ बंद, गिटमध्ये ‘एसएसएल-व्हेरिफाय’ बंद, पिपला ‘ट्रस्टेड-होस्ट’, कर्लला ‘-के’. ती दोन सेकंदांत काम करते, आणि तिला सोडवणूक म्हणायला माझी हरकत आहे. पॅकेज आणणं म्हणजे फाइल उतरवून ठेवणं नव्हे. एनपीएमच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट किंवा पायथनची सेटअप फाइल तुमच्या मशिनवर, तुमच्या अधिकाराने, तिथल्या तिथे चालू शकते. वाटेत बदल करणं किती सोपं आहे हे जावाच्या जगाने पाहिलेलं आहे. मॅव्हन सेंट्रल साध्या एचटीटीपीवरून जार वाटत होतं तेव्हा, २०१४ साली, वाटेतच जारमध्ये परका कोड घालून दाखवणारं एक साधन प्रसिद्ध झालं. त्यानंतर सगळ्यांना एचटीटीपीएस खुलं झालं, आणि १५ जानेवारी २०२० पासून तर साधं एचटीटीपी तिथे बंदच आहे. एवढी वर्षं खर्चून बुजवलेली फट आपण एका ओळीने पुन्हा उघडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

यावर जाणत्यांचा पहिला आक्षेप असतो की गाजलेले हल्ले वाटेत झालेच नाहीत. २०१८ चं इव्हेंट-स्ट्रीम, ऑक्टोबर २०२१ चं यूए-पार्सर-जेएस, दोन्हींमध्ये बाधित पॅकेज थेट रजिस्ट्रीवरूनच आलं. टीएलएस चोख असूनही. खरं आहे. पण वाट बंद असली की चोराला पुढच्या दारानेच यावं लागतं, आणि पुढच्या दारावरची चोरी सगळ्यांना दिसते, तिचा बोभाटा होतो, पॅकेज मागे घेतलं जातं. वाटेत एकट्या तुमच्या मशिनसाठी बदललेलं पॅकेज जगाला कधीच दिसणार नाही. दुसरा आक्षेप लॉक फाइलचा: तिच्यात हॅश असतो, मग वाट असुरक्षित असली तरी काय बिघडलं? हॅश जपतो, पण आधी जे आलं होतं तेच. लॉक फाइल पहिल्यांदा बनली किंवा नवं पॅकेज तिच्यात घातलं तेव्हा तपासणी बंद असेल, तर चुकीच्या मालाचाच हॅश त्यात नोंदला जातो. पिपमध्ये तर हॅश मागितल्याशिवाय तपासले जात नाहीत, आणि रोजच्या कामात ते मागणारे थोडे. शिवाय खासगी रजिस्ट्रीचं टोकन प्रत्येक विनंतीबरोबर जातं; समोर कोण आहे हे न तपासता ते हातात देण्यापासून कुठलाही हॅश वाचवत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो: हे सगळं ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर आहे, इथे कोण येणार? येणारा येवो न येवो, सेटिंग बाहेर जाते. ती माणसाच्या होम फोल्डरमधल्या फाइलीत बसते, लॅपटॉपबरोबर घरी, विमानतळावर, हॉटेलच्या वायफायवर जाते. त्याहून वाईट म्हणजे ती डॉकरफाइलमध्ये शिरते, कमिट होते आणि बिल्ड सर्व्हरवर कायमची राहायला जाते. ज्याने लिहिली तो नोकरी सोडून गेलेला असतो आणि काढायला कोणी धजत नाही, कारण ती का आहे हेच कोणाला माहीत नसतं.

चौथा आक्षेप धरण्यासारखा आहे: नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारखा अंतर्गत आरसा उभारा, मग प्रत्येकाला प्रॉक्सीशी झगडायला नको. मीही तेच सांगतो, पण त्याने सगळं मिटतं असं समजणाऱ्यांशी माझं जमत नाही. इलेक्ट्रॉन, पपेटिअर यांसारखी पॅकेजं रजिस्ट्रीतून येतात आणि इन्स्टॉल होताना आपली भलीमोठी बायनरी भलत्याच पत्त्यावरून मागवतात. आरशाला त्याचा पत्ताच नसतो, आणि प्रत्येकाचं वळवायचं व्हेरिएबल वेगळं. फायरवॉलमध्ये परवानगी मागणारेही पायपीआयचा मुख्य पत्ता तेवढा लिहितात आणि फाइली ज्या दुसऱ्या पत्त्यावर असतात तो विसरतात. मग पिपला पॅकेज सापडतं पण उतरत नाही. आतल्या आणि बाहेरच्या रजिस्ट्रीला पिपमध्ये ‘एक्स्ट्रा इंडेक्स’ म्हणून शेजारी बसवणंही धोक्याचं. आतल्या पॅकेजच्या नावाचं, मोठ्या आवृत्तीचं पॅकेज बाहेर टाकलं की तेच उचललं जातं, हे अ‍ॅलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने मोठमोठ्या कंपन्यांवर करून दाखवलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. आरसा हवाच, पण आरशालाही बाहेर पडायला प्रॉक्सी लागते आणि तिचं प्रमाणपत्र त्यालाही लागतं.

आता थोडं आमच्याबद्दल. या कामातल्या लोकांचे ढोबळ तीन वर्ग आहेत. एक मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम उरकणारे. त्यांना मी कारागीर मानत नाही. दुसरे पेट्या बसवणारे, म्हणजे सुरक्षा विभाग. टीएलएस उघडणारं यंत्र ते थाटात बसवतात आणि डेव्हलपरच्या टूल्सचं काय होईल हा प्रश्न दुसऱ्याचा समजतात. अशा यंत्रांपैकी अनेक मूळ जोडणी आणखी कच्ची करतात हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं, पण ते ऐकून घेण्याची त्यांची तयारी नसते. आणि तिसरे आम्ही, ज्यांच्याकडे सेटिंग्जची खासगी टेक्स्ट फाइल असते. ती फाइल विकीवर टाकता आली असती. टाकली नाही, कारण लोक विचारायला टेबलापाशी येतात ते आवडत होतं. कमांड सांगायची, कारण सांगायचं नाही, म्हणजे माणूस पुन्हा येतो. आजची पोरं एआयला विचारतात आणि पुष्कळदा तीच तपासणी बंद करणारी ओळ घेऊन येतात, म्हणून आम्ही नाकं मुरडतो. पण एआय ती ओळ आपल्याच जुन्या उत्तरांतून शिकला आहे.

पिप आणि नोड बदलले म्हणून प्रश्न संपलेला नाही. नोडचा पर्याय मागावा लागतो, जावाची यादी स्वतंत्रच आहे, आणि कंटेनर आजही रिकाम्या हाताने जन्माला येतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जो विभाग टीएलएस उघडतो, त्यानेच आपलं रूट प्रमाणपत्र प्रत्येक साठ्यात पोचवायचं. लॅपटॉपच्या पहिल्या दिवशीच्या इमेजमध्ये, कंटेनरच्या बेस इमेजमध्ये, जावाच्या फाइलीत आणि बिल्ड सर्व्हरवरही. ते जमत नसेल तर पॅकेज रजिस्ट्रींचे पत्ते न उघडता जाऊ द्यायचे. तुम्ही डेव्हलपर असाल तर आपल्या टीमच्या सगळ्या रिपॉझिटरीत तपासणी बंद करणारी ती ओळ शोधा, काढा, आणि बिल्ड फुटली तर त्या एररसकट सुरक्षा विभागाकडे तिकीट टाका. आमच्या टेबलाशी येऊ नका.