डाव्या कोपऱ्यातला पोट्टा

'या विकेंडला कुठे?' या प्रश्नाची आमच्या ऑफिसातली उत्तरं ठरलेली असतात. लोणावळा, अलिबाग, बोनस झाला असेल तर गोवा. मी 'अंजनगाव सुर्जी' म्हटलं आणि शेजारच्या क्युबिकलमध्ये एकदम शांतता पसरली. मग एकाने हळूच विचारलं, 'एक गाव की दोन?'

निमित्त होतं मामांच्या फोनचं. मामा तिकडेच स्थायिक आहेत आणि फोनवर प्रस्तावना वगैरे करत नाहीत. 'तू कॉलेजात कबड्डी खेळत होता ना? मंग ये अन् एक पोट्टं पाहून सांग.' पोट्टं म्हणजे त्यांच्या ओळखीतल्या एका पानमळेवाल्याचा मुलगा. वय वीस, कॉलेजच्या टीमचा डावा कोपरारक्षक. पुण्यातली एक खासगी अ‍ॅकॅडमी त्याला वर्षभर ठेवून घ्यायला तयार होती. फी घेऊन, अर्थातच. त्या फीसाठी वडील पानमळा गहाण टाकायला निघाले होते. 'त्याच्या बापाले कोण समजावणार? तू पुण्याचा, तुझं ऐकतील,' मामा म्हणाले.

माझी लायकी म्हणाल तर तीन वर्षं कॉलेजच्या टीममध्ये उजवा कोपरा. मग गुडघा गेला आणि मी हिंजवडीला गेलो. बस, एवढाच आपला क्रीडा-इतिहास. तरी गेलो. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल कोणी विचारतंय याचंच अप्रूप वाटलं.

रात्रीची ट्रेन, सकाळी बडनेरा, अमरावतीच्या स्टँडवर गिला वडा (हा चुकवू नका) आणि मग एसटी. जानेवारीची थंडी. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, तूर, मध्येच संत्र्याची बाग. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ गाडीसोबत चालत राहते, तिच्या पलीकडे मेळघाट. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला एक्स्प्रेस याच गावावरून जायची. तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झालं, नंतर गाडीही थांबली. मामा मात्र अजून तिच्या वेळांवरून गावातली अंतरं सांगतात.

गावाचं नाव तुम्ही शाळेत वाचलेलं आहे, फक्त पेपर देऊन विसरलात. ३० डिसेंबर १८०३. असई, मग अडगाव, मग गाविलगड असे एकामागून एक पराभव झाल्यावर दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथे. दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब, भरूच, अहमदनगरचा किल्ला, सगळं एका सहीत गेलं. एवढ्या मोठ्या सौद्याची खूण मी गावात शोधत होतो, तर मामा म्हणाले, 'काय पायतं? चाल, चहा घे.'

खरी बघण्यासारखी जागा आहे पानमळा. आत शिरण्याआधी चपला बाहेर काढायच्या, हा इथला शिरस्ता. आत गेलात की उन्हाचा रंगच बदलतो. उंच शेवरीवर चढवलेले वेल, हिरवा अंधार, पायाखाली ओली माती. बारी समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलीत. विड्याच्या पानासोबत पानपिंपरी, म्हणजे आयुर्वेदाच्या औषधांत जाते ती लांबट मिरीसारखी पिंपळी, हेही इथलं पीक. हवामानाचे नखरे सांभाळायचे, सारखं पाणी द्यायचं, वेल वाढला की परत बांधायचा. तो मुलगा लहानपणापासून हेच करत आलाय. त्याच्या बोटांकडे मी तेव्हाच बघितलं होतं.

वडिलांनी आधी मोबाइल काढला. एकवीस क्लिप्स. प्रत्येकीत पोरगा कुणाचा तरी घोटा पकडतोय आणि लोक ओरडताहेत. 'भाऊ, तो इराणचा पोट्टा, दोन कोटी पस्तीस लाख, खरं हाय का?' खरं आहे, मी म्हटलं. मोहम्मदरेझा शादलू, तोही डावा कोपराच. पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात त्याला तेवढ्याला घेतलं आणि तो मोसम जिंकला. पुढच्या वर्षी तो हरयाणा स्टीलर्सकडे गेला, तर तेही जिंकले. वडिलांनी मुलाकडे असं पाहिलं की मला पुढचं बोलणं अवघड झालं.

कारण क्लिपवरून कोपरा कळत नाही. हा माझा जुना हट्ट आहे. आमच्या अमेरिकेतल्या ऑफिसात एक फुटबॉलवेडा आहे. त्यांचा फुटबॉल, हेल्मेटवाला. तो सांगतो, त्यांच्यात 'ऑफेन्सिव्ह टॅकल' नावाचा धिप्पाड गडी असतो आणि नाव टॅकल असून तो कुणालाच टॅकल करत नाही! क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवायचं, इतकंच त्याचं काम. त्याने काम चोख केलं तर टीव्हीवर काहीच दिसत नाही. 'द ब्लाइंड साइड' पाहिला असेल तर आठवेल, त्यातला मायकल ओहर तोच. कॉलेजमधून असा खेळाडू उचलताना त्याच्या हाताची लांबी इंचाइंचाने मोजतात आणि मग न दिसणाऱ्या कामाचं फुटेज तासन्‌तास बघत बसतात. आपल्याकडे कोपऱ्यासाठी एवढं कोण करतं? क्लिप बघायची, टाळी वाजवायची.

म्हणून मी म्हटलं, पूर्ण मॅच बघू. त्या रात्री जवळच्याच एका गावात खुले सामने होते. मातीचं मैदान, चार हॅलोजन, ट्रॉलीवर बसलेले प्रेक्षक, माइकवर अखंड बोलणारा एक गृहस्थ. पोरगा उतरला विद्यापीठाची जर्सी घालून, पाठीवर 'संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ'. गाडगेबाबांचं शेंडगाव याच तालुक्यातलं, १८७६ चा जन्म. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती, हे माइकवाल्याने दोनदा सांगितलं. बरोबर सांगितलं.

मी वही काढली. पहिल्या अर्ध्या तासात त्याने आठ पकडी टाकल्या, चार जमल्या. वाईट नाही. पण फसलेल्या चारपैकी तीन एकाच जातीच्या होत्या. चढाईपटूने नुसती खांद्याने हूल दिली आणि हा झेपावला. पायावर वजन यायच्या आत घोट्याला हात घातला की पाय निसटतो, आणि तुम्ही जमिनीवर उताणे. दुसरं म्हणजे कव्हरकडे न बघता जातो. कोपऱ्याने घोटा अडकवायचा आणि कव्हरने येऊन दाबायचं, ही जोडगोळी आहे. एकट्याने वीर व्हायचं ते फक्त क्लिपमध्ये.

वही मिटायच्या बेतात होतो आणि ती चढाई आली. समोरच्या टीमच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, ही तिसरी. म्हणजे गुण आणला नाही तर गडी बाद. चढाईपटू तिथला स्टार असावा, शिट्ट्या त्याच्यासाठीच होत्या. तो थेट डाव्या कोपऱ्यावर आला. खांदा पाडला, पाय पुढे सोडला, मागे घेतला, पुन्हा सोडला. आमिष होतं ते. अख्खं मैदान ओरडत होतं, 'धर बे, धर!' आणि पोरगा हलला नाही. एक पाऊल मागे, अर्धं बाजूला, नजर त्याच्या कंबरेवर. पायावर नाही, कंबरेवर! बोनससाठीही त्याने जागा दिली नाही. तीस सेकंद संपले आणि स्टार रिकाम्या हाताने बाद. पकड झालीच नाही, त्यामुळे कुणी टाळी वाजवली नाही. वडिलांनी मोबाइलही वर केला नव्हता.

मी शेजारी मामांचा दंड इतका आवळला की ते दचकले.

ही गोष्ट शिकवून येते का? थोडी येते. बाकीची असते किंवा नसते. माझ्यात नव्हती, म्हणून तर कळली.

सकाळी अंगणात त्याला म्हटलं, माझा घोटा धर. धरला. मी सुटायचा प्रयत्न केला, मग खरा प्रयत्न केला, मग मामी बाहेर येऊन हसायला लागल्या. वेल बांधून कमावलेला पंजा तो. पण वजन सत्तर. पुरुषांच्या सीनियरला पंच्याऐंशीपर्यंत चालतं आणि वरचे चढाईपटू त्याच्या काठावर असतात, त्यांना थांबवायला अजून सात-आठ किलो तरी हवेत. शिवाय माती. मातीत पायाची बोटं रुतवून उभं राहता येतं, मॅटवर बूट घालून तोच तोल वेगळा शोधावा लागतो. मॅटवर तो आजवर मोजून पाच सामने खेळला होता. त्यावरून काय सांगणार कुणी?

पाटोडीच्या रश्श्यावर बसलो असताना वडिलांनी विचारलं, 'मंग, पाठवू?'

मी 'नाही' म्हटलं. या वर्षी नाही. विद्यापीठाकडून एक मोसम पूर्ण खेळू द्या, मॅटवर. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाची टीम महाराष्ट्राहून वेगळी उतरते, म्हणजे कोल्हापूर-मुंबईच्या पोरापेक्षा याच्यासमोरची रांग लहान आहे. तिथे नाव झालं तर बोलावणारे स्वतः येतील, फी मागणार नाहीत. लीग लागली नाही तरी सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस आहेत, रेल्वे आहे. कबड्डीवर घर चालवणारी बहुतेक माणसं लिलावातून नाही, तिथून आली आहेत.

वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'इथं ठेवून तरी काय करू त्याले? पानाले भाव असते तेव्हा पान नसते.' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पोरगा इतका वेळ जेवत होता. मान खाली घालूनच विचारलं, 'म्हणजे मी कच्चा आहो का?'

कालची तिसरी चढाई आठवते का, मी विचारलं. 'त्यात तं मी काहीच केलं नाई,' तो म्हणाला. तेच तर, म्हटलं, आणि मग पाऊण तास मीठ, वाटी आणि ठेच्याची बरणी मांडून आम्ही कोपरा आणि कव्हर खेळलो. घाईच्या तीन पकडीही दाखवल्या. त्याला त्या आधीच पाठ होत्या, फक्त कुणी नाव घेतलं नव्हतं.

परतीच्या ट्रेनमध्ये झोप लागली नाही. विसाव्या वर्षी कुणाला 'एक वर्ष थांब' म्हणणं फार सोपं असतं, विशेषतः स्वतःचा पगार एक तारखेला जमा होत असेल तर. त्याची जागा याच वर्षी रिकामी असेल आणि पुढच्या वर्षी नसेल, तर? वडिलांनी निघताना कागदात बांधून दिलेल्या पानांचा वास डब्यात भरला होता. ती ऑफिसात नेली. सोमवारी सगळ्यांनी खाल्ली, कुणी गावाचं नाव परत विचारलं नाही.

मळा गहाण गेला नाही, एवढं मामांकडून कळलं. एप्रिलमध्ये एका अनोळखी नंबरवरून व्हिडिओ आला. क्लिप नव्हती. अमरावतीतला मॅटवरचा सामना, दोन्ही हाफ, मधली विश्रांतीसुद्धा न कापलेली. खाली लिहिलं होतं, 'भाऊ, पुरी म्याच हाय. सव्विसाव्या मिनिटाले पाहा, हाथ नाई टाकला.'

मी पहिल्या मिनिटापासून लावली.