रात्रीतली दुरुस्ती

बंगलोरला बदली होऊन मला चौथे वर्ष लागले होते. 2013 च्या पावसाळ्यात बेळगावहून अक्का माझ्याकडे राहावयास आली. ती हौसेने आली नव्हती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले होते आणि किरणोपचार येथेच घ्यावेत असे ठरले होते. पंचवीस बैठका, सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुटी.

ही सुटी मला खटकत असे. माझी सारी नोकरी रेल्वेच्या लोहमार्गाच्या देखभालीत गेलेली. रूळ तडकल्याची वर्दी आली की सुटी कसली आणि रविवार कसला! एके दिवशी न राहवून मी डॉक्टरांना विचारले, "रोज थोडे थोडे कशाला? एकदाच भरपूर मात्रा देऊन मोकळे का होत नाही?" ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "साहेब, चांगल्या पेशींना रात्रीतून दुरुस्तीला सवड द्यावी लागते. कर्कपेशींना दुरुस्ती तितकीशी साधत नाही. त्या फरकावरच आमची सारी भिस्त."

'दुरुस्ती' हा माझ्या खात्यातला शब्द. तो येथे भेटेल अशी कल्पना नव्हती. आमचे बिऱ्हाड मल्लेश्वरममध्ये. संध्याकाळी फिरावयास मी भारतीय विज्ञान संस्थेच्या बाजूस जात असे. रिक्षावाले तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. तिच्या जीवरसायन विभागातील डॉ. सतीश राघवन व त्यांचे सहकारी ह्याच दुरुस्तीच्या मागे लागलेले आहेत, आणि त्यांचा निबंध डिसेंबर 2012 मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला आहे, हे मला तेव्हा कळले. ज्या झाडांखालून मी रोज जात होतो, त्यांच्या पलीकडेच हे चालले होते!

मला उमगले ते असे. किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटतात. दोन्ही रूळ एकदम तुटावेत तशी ती अवस्था. 1 ग्रे मात्रेने एका पेशीत अशा सुमारे 30 ते 40 तुटी पडतात. अक्काला रोज 2 ग्रे मिळत होते. एवढ्या मोडतोडीतून पेशी सावरते ती विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, टोळीमुळे. 'कू' नावाचे प्रथिन तुटलेली टोके पकडून ठेवते, दुसरी काही विकरे ती छाटून नीट करतात, आणि अखेर लायगेज-4 हे विकर त्यांना सांधते. या पद्धतीत मूळ आराखडा पाहण्याची चाल नाही. समोर येतील ती टोके जुळवावयाची. मधले एखादे अक्षर गळाले तरी बेहत्तर. असा सांधा आमच्याकडे कोणी केला असता, तर मी लेखी खुलासा मागितला असता. पण गाडी चालू राहते, हे खरे.

दुर्दैव हे की हीच टोळी कर्कपेशीतही राबते. डॉक्टर तोडतात, ती सांधते. राघवन यांच्या प्रयोगशाळेने लायगेज-4 चा हात धरणारे एससीआर-7 नावाचे द्रव्य तयार केले. तुटी तशाच राहिल्या म्हणजे पेशी स्वतःच मरण पत्करते. उंदरांतील काही गाठींची वाढ त्याने मंदावली, आणि किरणांच्या जोडीला दिले असता परिणाम अधिक झाला.

मी हे उत्साहाने अक्काला सांगितले. तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली बाई ती. शांतपणे म्हणाली, "अरे बाळ, मग ते माझ्या चांगल्या पेशींतल्या टोळीलाही अडवेल की!"

मला उत्तर देता आले नाही. पुढे डिसेंबर 2014 मध्ये अमेरिकेत ओलापारिब या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हा एक उत्तर सापडले. ज्या गाठीत बीआरसीए जनुकातील दोषामुळे दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद असतो, तेथे हे औषध पार्प नावाचे दुसरे विकर अडवते. निरोगी पेशीला पहिला मार्ग उरतो. कर्कपेशीला कोणताच नाही. अक्काच्या गाठीत तसा दोष नव्हता. एससीआर-7 तर औषध होऊन रुग्णापर्यंत आलेलेच नाही. लायगेज-4 ला ते नेमके अडवत नाही, असा आक्षेप अमेरिकेतील संशोधकांनी 2016 साली घेतला. पण ते सारे पुढचे.

गाठ विरली होती. 2015 च्या मार्चमध्ये ती पुन्हा दिसली. किरण त्या जागी पुन्हा देता येण्याजोगे नव्हते. अक्का म्हणाली, "आता मला घरी ने."

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने आम्ही निघालो. तुमकूर सोडल्यावर गाडी एकाएकी मंदावली. बाहेर दिव्याच्या उजेडात गँगमन शेजारच्या रुळावर वाकून काम करीत होते. अक्काने खिडकीला कपाळ टेकले. "चिवट आहेत हो तुझी माणसं," ती म्हणाली, आणि गाडीने वेग घेईपर्यंत मागे वळून पाहत राहिली.