माळरानावरचा हक्क

सभेत एखादा वक्ता मूळ मुद्दा सोडून भलतीकडे वाहवत गेला की त्याच्या भाषणाला ‘रॅम्बलिंग’ म्हणून नाक मुरडणारी मँचेस्टरची मंडळी, रविवारी सकाळी पाठीवर पिशवी, पायांत जाड तळव्यांचे बूट आणि हाती नकाशा घेऊन पिकॅडिली स्थानकावर ईडेलच्या गाडीची वाट पाहत उभी असतात, तेव्हा आपण ‘रॅम्बल’ला निघालो आहोत असे मोठ्या अभिमानाने सांगतात. कुंपणावरून मनास येईल तसा पसरणारा गुलाब आणि पिढ्यान्‌पिढ्या खोल्या जोडत वाढवलेले जुने घर यांनाही हेच विशेषण लागते, व त्यात निंदेचा लवलेश नसतो. डॉ. जॉन्सनने १७५० साली काढलेल्या निबंधपत्राचे नाव ‘द रॅम्बलर’ असले, तरी त्यातील निबंध इतके गंभीर व शिस्तबद्ध आहेत की नावाशी त्यांचा मेळ बसवणे कठीण जावे. इंग्रजांच्या भटकंतीचेही तसेच आहे. मार्ग, विश्रांतीची जागा, पबमध्ये पोहोचण्याची वेळ आणि परतीची गाडी हे सर्व आगाऊ मुक्रर झाल्यावाचून ही मंडळी स्वैर फिरावयास निघत नाहीत.

मात्र या शहरात त्या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे, ती तुरुंगाच्या वाटेने आलेली आहे. गिरण्यांच्या धुरात आठवडा काढणाऱ्या कामगारांना पूर्वेकडची माळराने दिसत, पण तेथे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. कारण ती जमीनदारांची खासगी मिळकत होती आणि ग्राउस पक्ष्यांची त्यांची शिकार निर्विघ्न व्हावी म्हणून रखवालदार दंडुके घेऊन पहारा देत. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या जेमतेम विशीतल्या तरुणाच्या पुढाकाराने काहीशे माणसे हेफील्डहून निघून अशाच एका माळरानाच्या, किंडर स्काउटच्या, चढणीवर राजरोस शिरली, रखवालदारांशी झटापट झाली, आणि पुढे डर्बीच्या न्यायालयाने पाच जणांना कैदेच्या शिक्षा ठोठावल्या. परक्याच्या जमिनीवर चालणे ही दिवाणी बाब असल्यामुळे आरोप ठेवले गेले ते दंग्याधोप्याचे. ही सरकारी हिकमत आपल्या सत्याग्रहींना खचितच नवी वाटली नसती. त्याच परिसराचे १९५१ साली देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील डोंगर व माळराने पायी फिरणारांस खुली केली, आणि २००२ साली डेव्हनशरच्या ड्यूकने १९३२ साली तिथले जमीनदार असलेल्या आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

या कौतुकात एक गोष्ट झाकून जाते, ती अशी की हा हक्क पदरात पडला तो रात्री परतावयास घर असलेल्यांच्या. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी याच देशाने १८२४ साली निराळा कायदा करून उघड्यावर झोपणे व भीक मागणे हे गुन्हे ठरवले होते, आणि तीच नजर घेऊन आलेल्या साहेबाने आमच्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, ज्याच्या अंमलाखाली पुढे पारधी, कैकाडी अशा फिरत्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार मानून त्यांच्यावर हजेरीची सक्ती झाली. मँचेस्टरचे तरुण किंडर स्काउटवर चढत होते, त्या काळी अशा जमातींसाठीच्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्या माणसांना परवान्याशिवाय बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे उलटल्यावर.