ओव्यांचें बिऱ्हाड

जाम हें गांव वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यांत आहे. पण परगांवच्या माणसाला तें गांव म्हणून क्वचित् ठाऊक असतें. त्याला ठाऊक असतो तो फाटा. नागपूरहून दक्षिणेस निघालेला हमरस्ता येथें दुभंगतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुरास. ह्या हमरस्त्याचा क्रमांक पूर्वीं सात होता. २०१० सालीं देशांतील राजमार्गांची नवी क्रमवारी लागली आणि आमच्या गांवावरून जाणारा रस्ता कागदोपत्रीं चव्वेचाळीस झाला. डांबर तेंच, धाबे तेच, उन्हाळ्यांत ट्रकांच्या मागें उडणारी धूळहि तीच. ट्रकवाले पुढें कित्येक वर्षें 'सात नंबर'च म्हणत राहिले, आणि चहावाल्यांना त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

नांव बदलून वस्तु तीच राहते, ह्याचें हें उदाहरण झालें. ह्याच्या उलट प्रकार, म्हणजे वस्तु समूळ बदलली तरी नांव तसेंच राहिलें आणि नांवाच्या मागें जें होतें तेंहि तसेंच राहिलें, असा प्रकार आम्हांस अलीकडे संगणकाच्या पेटींत पाहावयास मिळाला. त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत.

आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. संगणक हा आमचा विषय नव्हे. पण १९९४ पासून पुढें सातआठ वर्षें सुटीच्या दिवसांत एक टेपरेकॉर्डर खांद्याला लावून आम्ही ह्या तालुक्यांतील व हिंगणघाटच्या बाजूच्या खेड्यांतून हिंडलों आणि जात्यावरच्या ओव्या फितीवर घेतल्या. पहिली कॅसेट आमच्या आत्याबाईंची. पुण्यांत हेमा राइरकर व गी प्वातवाँ ह्यांनीं जें प्रचंड काम केलें, ज्यांत एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्याच्यापुढें आमचा संग्रह म्हणजे ओंजळभर. पण आमच्या ओंजळींतले आवाज दुसरीकडे कोठेंहि नाहींत. गाणाऱ्या बायांपैकीं बहुतेक आतां हयात नाहींत; आत्याबाई २००३ सालीं गेल्या. कॅसेटीची फीत झिजते, म्हणून आम्हीं ते आवाज एकेक करून संगणकावर उतरविण्यास आरंभ केला. एका तासाच्या कॅसेटीला सुमारें दोन गिगाबाइट जागा लागते. शिवाय ओव्या उतरून घेतलेल्या वह्यांचीं छायाचित्रें. पांचशें गिगाबाइटांची डिस्क भरत आली, आणि भरण्याच्या आधींच ती म्हातारी झाली.

डिस्कचें म्हातारपण कळतें तें असें. ती स्वतःच्या प्रकृतीची एक टिपणवही ठेवीत असते. तिच्यावरील एखादी बारीकशी जागा नादुरुस्त झाली कीं ती राखीव जागांपैकीं एक तिच्या बदली घेते, आणि अशा किती बदली झाल्या त्याचा आंकडा वहींत मांडते. आमच्या डिस्कचा आंकडा पुष्कळ वर्षें शून्य होता. मग तो आठ झाला, आणि पुढच्याच महिन्यांत चाळीस.

आतां ह्या डिस्कवर जागेची वांटणी कशी होती तें सांगितलें पाहिजे, कारण साऱ्या गोष्टीचें मर्म तेथें आहे. जुनी पद्धत भिंती घालण्याची. एका डिस्कचे दोन किंवा तीन भाग पाडावयाचे, आणि एकदां पाडले कीं एक भाग भरून ओसंडला व शेजारचा रिकामा राहिला तरी भिंत सहजासहजीं हलत नाहीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां पुण्यांत ह्याच धंद्यांत आहे, आमचा संगणक मांडून देतांना ही पद्धत टाळली होती. त्यानें लॉजिकल व्हॉल्यूमची पद्धत घातली. 'व्हॉल्यूम' म्हटल्यावर आमच्या पेशाच्या माणसास ग्रंथाचा खंडच आठवतो, आणि गंमत अशी कीं तो अर्थ येथें अगदींच परका नाहीं. खंड पहिला, खंड दुसरा हे ग्रंथाचे भाग आहेत. ते कोणत्या फळीवर ठेवले आहेत ह्याचा ग्रंथाशीं संबंध नसतो.

हिंगणघाटच्या कापसाचा दृष्टांत घेतला तर ही रचना लवकर समजेल. निरनिराळ्या शेतांतला कापूस जिनांत येतो, सरकी निघते, आणि रुई दाबून तिच्या सारख्या वजनाच्या गाठी बांधल्या जातात, एकेक सुमारें १७० किलोची. गाठ बांधली कीं ती कोणाच्या शेतांतली हा प्रश्न गुदामाला पडत नाहीं. त्याचप्रमाणें ही प्रणाली प्रत्येक डिस्कच्या जागेच्या सारख्या मापाच्या गाठी बांधते. नेहमींचें माप चार मेगाबाइटांचें. एक टेराबाइटाच्या डिस्कवर अशा सुमारें दोन लाख अडतीस हजार गाठी होतात. साऱ्या डिस्कांच्या गाठी मिळून एक गट होतो, आणि त्या गटांतून लागतील तितक्या गाठी मोजून घेऊन एकेक खंड बनवावयाचा. खंड अपुरा पडला तर आणखी गाठी द्यावयाच्या. गट अपुरा पडला तर बाजारांतून आणखी एक डिस्क आणून गटांत सामील करावयाची. ओव्यांना ह्याची वार्ताहि लागत नाहीं.

लिनक्ससाठीं ही व्यवस्था हाइन्झ माउएल्सहागेन ह्या जर्मन गृहस्थानें १९९८ सालीं रचली, आणि ती रचतांना ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या युनिक्सवरील तशाच व्यवस्थेचा नमुना पुढें ठेवला. आम्हां वर्धेकरांना मात्र तिच्या तत्त्वांत नवल वाटूं नये. मालकी एका ठिकाणीं आणि वहिवाट दुसऱ्या ठिकाणीं, हा विचार आमच्या पवनारच्या आश्रमांत राहणाऱ्या विनोबांनीं ग्रामदानांत मांडला. १९६४ सालीं महाराष्ट्रांत त्याचा कायदाहि झाला. जमिनीची मालकी गांवाची, कसणें ज्याचें त्याचें, आणि विसावा हिस्सा भूमिहीनांसाठीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गांवानें २०१३ सालीं तो मार्ग धरला. आम्हीहि आमच्या गटांतील विसावा भाग कोणत्याच खंडाला दिलेला नाहीं. तो कोणा गरजूसाठीं राखलेला आहे. ह्याला व्यवहाराचेंहि कारण आहे: खंड वाढविणें सोपें, घटविणें कठीण. वाढवितांना आधीं कुंपण बाहेर सरकवावयाचें आणि मग घर वाढवावयाचें. घटवितांना आधीं घर लहान करावयाचें आणि मगच कुंपण आंत घ्यावयाचें. हा क्रम उलटला तर कुंपण स्वयंपाकघरांतून जातें.

दृष्टांत एवढ्यावर सोडला तर मात्र वाचकांची फसवणूक होईल. ज्यांनीं ही पद्धत नव्यानें पाहिली त्यांची अशी समजूत होते कीं अनेक डिस्का एकत्र आल्या म्हणजे ठेवा अधिक सुरक्षित झाला. तसें मुळींच नाहीं. साध्या मांडणींत एकच खंड दोन डिस्कांवर पसरला असेल, तर त्यांपैकीं कोणतीहि एक गेली तरी खंड मोडतो. म्हणजे धोका वांटला जात नाहीं, वाढतो. चार भावांनीं एकमेकांना जामीन राहावें, तशांतला प्रकार. प्रत्येक गाठ दोन डिस्कांवर ठेवण्याची सोय ह्या व्यवस्थेंत आहे, पण ती मागावी लागते, आणि दुप्पट जागा मोजावी लागते. आणि तीहि झाली तरी वेगळी प्रत ती वेगळीच.

विद्यार्थ्याला फोन केला तेव्हां त्याचा पहिला प्रश्न हाच होता. पुण्यांत इतकीं वर्षें काढूनहि आमच्याशीं तो गांवच्याच बोलींत बोलतो. "सर, दुसरी कॉपी कुठं ठेवली हाय का? नसन तं आज हात लावू नोका." प्रत वर्ध्यास आमच्या भावाच्या कपाटांत होती, दर दिवाळीला व दर गुढीपाडव्याला ती आम्ही ताजी करतों. तसें सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग लावा."

दोन टेराबाइटांची नवी डिस्क जोडली. लिनक्स डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशीं नांवें देते. पण हीं बारशाचीं नांवें नव्हेत, रांगेंतले नंबर आहेत. आज जी 'एसडीबी' ती उद्यां 'एसडीसी' होऊं शकते, आमच्या सात नंबरासारखी. म्हणून ही व्यवस्था प्रत्येक डिस्कवर एक लांबलचक ओळखखूण कोरते आणि तिच्यावरून डिस्क ओळखते. इतकेंच नव्हे, तर गटाचा सारा सातबारा, म्हणजे कोणत्या खंडाच्या कोणत्या गाठी कोठें आहेत, तो सामान्यतः गटांतल्या प्रत्येक डिस्कच्या आरंभीं लिहिलेला असतो. प्रत्येक बदलापूर्वींची नोंद निराळ्या धारिकेंत राहते. ती साध्या अक्षरांत असते, वाचतां येते. तलाठ्याची फेरफारवही इतकी सुवाच्य असती तर आमच्या तालुक्यांतले निम्मे दावे उभेच राहिले नसते.

मग तीन आज्ञा द्यावयाच्या होत्या. 'व्हीजीएक्स्टेंड' म्हणून नवी डिस्क गटांत घेणें. 'पीव्हीमूव्ह' म्हणून जुन्या डिस्कवरच्या गाठी नवीवर हलविणें. आणि शेवटीं 'व्हीजीरिड्यूस' म्हणून रिकाम्या झालेल्या जुन्या डिस्कला गटांतून निरोप देणें. दुसऱ्या आज्ञेला वेळ लागतो. मे महिना होता, रात्रीं दहालाहि भिंती तापलेल्या. पडद्यावर शेंकडा आंकडा मुंगीच्या पायानें चढत होता: अकरा, बारा, बारा, तेरा. ह्या हालचालींत खंड बंद ठेवावा लागत नाहीं, असें पुस्तकांत वाचलें होतें. पडताळा पाहावा म्हणून आम्हीं आत्याबाईंची पहिली कॅसेट लावली. जात्याची घरघर आली आणि तिच्यावर त्यांचा आवाज चढला. त्या क्षणीं त्यांच्या गाठींपैकीं कांहीं जुन्या डिस्कवर असतील, कांहीं नव्या. मधली एखादी वाटेंत असेल. आवाजाला कोठें सांधा ऐकूं आला नाहीं.

एकतीसवर आंकडा असतांना वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी त्या उन्हाळ्यांत मेलेलीच होती. अंधारांत बसून राहण्यावांचून कांहीं करण्यासारखें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर त्या पाऊण तासांत वर्ध्याच्या कपाटाची आठवण आम्हांस पुनःपुन्हां झाली. पण ही व्यवस्था रचणारांनीं अशा रात्रींचाहि विचार करून ठेवला आहे. गाठ नव्या जागीं पुरती उतरल्याखेरीज जुन्या जागेचा हक्क सुटत नाहीं, आणि किती काम झालें त्याची नोंद मधून मधून होत जाते. वीज आल्यावर तीच आज्ञा कोणत्याहि डिस्कचें नांव न घेतां पुन्हां द्यावयाची. ती शेवटच्या नोंदीपासून पुढें चालूं लागते. तशी ती चालली. पहांटे काम संपलें.

ह्या आज्ञा टंकून द्याव्या लागतात, चित्रांवर बोट ठेवून भागत नाहीं, ह्याची पुष्कळ लोक तक्रार करतात. आमचें मत निराळें आहे. काय करावयाचें तें संपूर्ण वाक्यांत लिहावें लागलें म्हणजे मनुष्य तें दोनदां वाचतो. वाक्याची घडण मात्र इंग्रजी आहे: क्रियापद आधीं, कर्म शेवटीं. मराठी माणूस क्रियापदापर्यंत पोहोंचेतों विचार बदलूं शकतो. येथें 'हलव' म्हणून चुकल्यावर मग काय, कोठून, कोठें हें सांगावयाचें. सुदैवानें एंटर दाबीपर्यंत तें नुसतें वाक्यच असतें.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकली व अजून खटकते. धारिकांचीं नांवें देवनागरींत देतां येतात. आमच्या साऱ्या ओव्या गांवाच्या व गाणारणीच्या नांवानें देवनागरींतच ठेवलेल्या आहेत. पण गटाचें व खंडाचें नांव रोमन अक्षरें, आंकडे आणि अधिक, उणें, टिंब, अधोरेखा ह्या चार खुणा, एवढ्यांतच बसवावें लागतें. म्हणजे पेटींतल्या माणसांनीं मराठींत बोलावें, दारावरची पाटी मात्र परकीय लिपींत. 'ओवी' हा शब्द रोमन लिपींत लिहितांना आम्हीं तीन पाठ करून पाहिले, आणि तिन्ही सारखेच ओशाळवाणे दिसले.

जुनी डिस्क आतां टेबलाच्या खणांत आहे. गटांत मोकळ्या गाठी भरपूर आहेत. उरल्या आहेत त्या कॅसेटी, एकोणीस. त्यांपैकीं चारींची फीत आंत चिकटली आहे, आणि त्यांतली एक गिरडकडच्या एका म्हातारीची आहे, जिनें एका बैठकींत दोन्ही बाजू भरल्या होत्या. अशी फीत सोडवून देणारा एक कारागीर नागपुरांत आहे असें कळतें. दिवाळीच्या सुटींत त्याच्याकडे जावयाचें ठरविलें आहे.