मधली सीट सलग पाहिजे



कापसाची तिसरी वेचणी झाली, तूर सोंगून खळ्यात आली, हरभरा घाटे धरून राहिला. रानात सध्या सांगण्यासारखं एवढंच. पण बऱ्याच जणांचे फोन आले, "गाडी दिवाळीनंतर बुक केली म्हणे, मग घरी यायला जानेवारी काहून लागला? शोरूमात तर गाड्या उभ्या होत्या." म्हणून आज पिकाचं सोडून गाडीचं लिहितो. पुढं कोणाला घ्यायची असेल तर कामात येईल.

आधी गरज सांगतो. बाबांचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार आणि शुक्रवार, कळंबहून देवळीमार्गे सावंगी. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो, गाडीभाडं कुठंच बसत नाही. एका फेरीचे १८०० रुपये. जाताना बाबा बसून जातात, गप्पा मारतात. पण चार तास मशीनवर राहिलं की माणूस पिळून निघतो. बीपी खाली येतो, मान टाकून देतात. येताना त्यांना आडवंच व्हावं लागते.

आता शोरूमचं. सात सीटची पेट्रोल गाडी पाहायला गेलो. दारात उभी होती ती सहा सीटची. वरचं मॉडेल, काळा रंग, छताला काच, आणि मधल्या रांगेत दोन वेगवेगळ्या खुर्च्या, मधून जायला वाट. पोरगा म्हणाला, "काका, मधे सोफ्यासारखं बसता येते. उद्या घेऊन जा. वर ४० हजार सूट." बाबा सोबत होते. त्यांनी एका खुर्चीवर बसून पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाले, "मले झोपून याचं हाय बाप्पा. दोन खुर्च्यांच्या मधात पडू काय?"

तिथंच ठरलं. मधली सीट सलग पाहिजे. रंग पांढरा, उन्हाळ्यात कमी तापते म्हणून. मॉडेल खालून दुसरं. छताची काच नको. असं कॉम्बिनेशन ना त्या शोरूमच्या यार्डात होतं, ना नागपूरच्या. कंपनीकडं ऑर्डर टाकावी लागेल, सहा ते दहा आठवडे, असं सांगितलं.

ऑर्डर टाकणं म्हणजे काय, हे मी दोन-तीन चकरा मारून समजून घेतलं. आपल्यासाठी कारखान्यात वेगळी गाडी घडवत नाहीत. डीलर आपलं मॉडेल, सीट आणि रंग कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवतो. कोणत्या महिन्यात कोणतं मॉडेल किती काढायचं ते कंपनी ठरवते. त्यातली एक गाडी आपल्या नावावर लागली की तिचा १७ अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर कळतो. तोपर्यंत आपलं नाव नुसतं रांगेत. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला लोक कारखान्यापाशी जाऊन स्वतःची गाडी घेऊन येतात म्हणे. आपल्याकडं ट्रेलर येतो.

आमच्या आजोबांची बंडी मात्र खरी ऑर्डरची होती. सुतार घरी आला, बैलांच्या खांद्याची उंची पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "वाहाचं काय हाय? कापूस की माणसं?" त्यावरून साट्याची लांबी ठरली. चाकाला बाभूळ, वर साग, मग लोहारानं धाव चढवली. शोरूममध्ये पहिला प्रश्न आला, "काका, बजेट किती?" काय वाहाचं ते कोणी विचारत नाही. ते आपणच ठरवून जावं लागते.

तरी थांबणं फुकट नसते. घरी कागदावर हिशेब मांडला.

उभी असलेली गाडी आमच्या मॉडेलपेक्षा १ लाख १० हजारांनी महाग. सूट ४० हजार. म्हणजे ७० हजार जास्त.

ऑर्डर टाकली तर आठ आठवडे धरले. आठवड्याला दोन फेऱ्या, १६ फेऱ्या, १८०० प्रमाणे २८,८०० रुपये भाडं. त्यातून आपल्या गाडीला लागलंच असतं ते पेट्रोल वजा करा, पण मी धरलं नाही. शिवाय भाव डिलिव्हरीच्या दिवशीचा लागतो, बुकिंगच्या दिवशीचा नाही. बऱ्याच कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात. आमच्या गाडीचा ११ हजारांनी वाढला. एकूण ३९,८००.

म्हणजे थांबूनही ३०,२०० वाचले. पण हे पैशाचं झालं. ते आठ आठवडे भाड्याच्या गाडीत आईच्या खांद्यावर बाबांची मान, हा हिशेब कागदावर येत नाही. दोनदा तर गाडीवाल्याला लग्नाचं भाडं लागलं म्हणून सकाळी पाचला दुसरी गाडी शोधत फिरलो. बाबांना म्हटलं, उभी असलेली घेऊन टाकू का? ते म्हणाले, "दोन महिने काढतो मी. पुढची वर्सं त्याच गाडीत जाचं हाय."

एक गोष्ट थांबण्यामुळं सोपी झाली. दिवाळीला हातात पैसा नव्हता, सोयाबीन पावसानं खाल्लं होतं. बुकिंगला २१ हजारच लागले. बाकी पैसे सीसीआयला कापूस गेला तसे डिसेंबरात जमत गेले. लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता, व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. कर्जाचा हप्ता बँकेला सांगून सहामाही करून घेतला. पीक महिन्याला येत नाही, तर हप्ता तरी महिन्याला कशाला?

आता कामाचं:

१. बुकिंगच्या पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, किती सीट, रंग आणि बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत, हे लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं दोन महिन्यांनी कोणाला आठवत नाही. आम्हाला मधातच फोन आला होता, "काका, सहा सीटची पांढरी आली, घेता का?" पावती होती म्हणून नाही म्हणणं सोपं गेलं.

२. वर्षाअखेरची सूट मिळते तेव्हा गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. आरसीवर बनल्याचा महिना आणि वर्ष येते. विकताना तेच पाहतात. पैसे भरायच्या आधी चेसिस नंबर घ्या आणि गाडीवरचा नंबर स्वतः जुळवून पाहा.

३. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, आमच्यासारख्या लांब गाडीला ४०. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२. कोटेशनशी ताळा करून पाहा.

४. गाडी १० लाखांवर असेल तर १ टक्का टीसीएस कापतात. तो गेलेला पैसा नाही. रिटर्न भरलं तर परत मागता येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपण रिटर्न भरत नाही आणि ते पैसे तसेच राहतात.

५. विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचाही आकडा खाली येतो. आमचा आला.

गाडी आली. एमएच २९ ची पाटी लागली, चिंतामणीच्या दारात नारळ फोडलं आणि पुढच्याच मंगळवारी सावंगीला गेलो. येताना बाबा कमरेला पट्टा लावून, पाय मुडपून, आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे झाले. देवळी सुटली आणि घोरायला लागले.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला गाडी कळंबहून निघते, दुपारी परत येते. पुढची एक सीट रिकामी असते. कोणाला सावंगीला तपासणीला जायचं असेल तर आदल्या रात्री फोन करा. पैसे घेत नाही. फक्त येताना गाडीत मोठ्यानं बोलायचं नाही, बाबा झोपलेले असतात.