तीन घरचा पाहुणा

उंदीर या प्राण्याशी माझे कधी पटले नाही. आईने जपून ठेवलेला जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा त्याने एका पावसाळ्यात फस्त केला, तेव्हापासून आमचे हाडवैर आहे. असे असूनही गेली दोन वर्षे एक उंदीर माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी, सुखाने नांदतो आहे असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला नवल वाटेल. पण हा उंदीर कुरतडत नाही, बिळात दडत नाही आणि मुख्य म्हणजे त्याला शेपूट नाही. संगणकाचा बिनतारी माउस तो!

खरे तर शेपटीवरूनच त्याला हे नाव मिळाले. १९६४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनविला, तो चक्क लाकडाचा होता. खाली काटकोनात बसविलेली दोन चाके, वर एक बटण आणि लोंबणारी तार. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भर सभेत एंगलबार्ट यांनी तो चालवून दाखविला. आता लाकूड गेले, चाके गेली आणि शेपूटही गेली. नाव तेवढे राहिले. भाषेच्या प्राध्यापिकेला यात आश्चर्य वाटू नये. नावे वस्तूंपेक्षा चिवट असतात.

आमचे चिरंजीव पुण्यास नोकरीला लागले आणि पहिल्या पगारातून त्यांनी मला ही भेट आणली. घरात यंत्रे तीन. कॉलेजात विभागाचा संगणक, घरी माझा लॅपटॉप आणि माझ्या सासऱ्यांचा, नानांचा, टॅब. मी विचारले, "अरे, मग माउस तीन नकोत का?"

"एकच पुरतो, आई. तो तिघांनाही ओळखतो."

"दोन घरचा पाहुणा उपाशी" ही म्हण मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आले आहे. इथे तर पाहुण्याला घरे तीन! पण चिरंजीवांनी माउस उताणा केला. त्याच्या पोटावर एक लहानसे बटण आणि त्याशेजारी एक, दोन, तीन असे आकडे लिहिलेले बारीक दिवे. हवा तो आकडा निवडायचा आणि बटण तीनेक सेकंद दाबून धरायचे. दिवा भराभर लुकलुकू लागला की समजायचे, माउस आता सोयरीक जुळवायला निघाला आहे. मग त्या यंत्रावर ब्लूटूथ सुरू करायचे. यादीत माउसचे नाव दिसले की त्यावर बोट ठेवायचे. झाला साखरपुडा! हे एका यंत्राशी एकदाच करावे लागते. पुढे बटण नुसते हलकेच दाबले की एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर.

ब्लूटूथ हे नावही मोठे गमतीचे. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे टोपणनाव 'निळ्या दाताचा'. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणले, म्हणून वेगवेगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या या विद्येला त्याचे नाव दिले. तिचे ते टोकदार चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन प्राचीन आद्याक्षरे एकमेकांत गुंतविलेली आहेत.

तर असा आमचा संसार सुरू झाला. एक नंबर कॉलेजचा, दोन नंबर माझा, तीन नंबर नानांचा. कॉलेजच्या टेबलावर काच आहे. काचेवर माउसला पुढचे दिसेनासे होते आणि बाण अडखळतो. त्यावर मी एक जुनी उत्तरपत्रिका पसरली. त्या विद्यार्थ्याच्या लेखनाचा एवढा उपयोग त्या दिवशी प्रथमच झाला!

खरा उपयोग झाला तो नानांना. नाना गणिताचे मास्तर. आता वय ब्याऐंशी. दृष्टी मंदावली आहे. टॅबवर अक्षरे मोठी करता येतात, म्हणून वर्तमानपत्र ते त्यावरच वाचतात. पण हाताला कंप आहे. बोट एका बातमीवर ठेवावे तर दुसरीच उघडते. माउसवर पंजा टेकला की कंप बराच आवरतो. सकाळी दहापर्यंत माउस त्यांचा, मग माझा, असे ठरले.

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारची गोष्ट. अंतर्गत गुण भरण्याची मुदत त्या रात्री संपत होती. नाना दुपारी पडले होते. त्यांच्या टेबलावरून मी माउस उचलला आणि बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसले. माउस हलविला, तर बाण जागचा हलेना. पुन्हा हलविला, आपटला, फुंकर मारली, बॅटरीचा सेल बदलला. दहा ठिकाणी टिचक्या मारल्या. विद्यार्थ्यांवर काढता येत नाही तेवढा राग मी त्या बापड्यावर काढला. वीस मिनिटांनी तो उताणा करून बटण दाबायला गेले, तेव्हा ध्यानात आले की तो अजून तीन नंबरवरच होता. बटण दाबून दोनवर आणला आणि कामाला लागले. रात्री अकराला गुण भरून झाले. मी सुटले.

त्यानंतर नानांनी टॅबला हात लावला नाही. पहिले दोन दिवस मला ते कळलेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी कळले, तेव्हा वाटले, कंटाळले असतील. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावले आणि कपाटातली एक पिशवी माझ्या हाती ठेवली. बँकेची पासबुके, घराचे कागद, पेन्शनची फाईल.

"हे आता तू सांभाळ. मला समजतंय तोवर दिलेलं बरं."

"असं का म्हणता नाना?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला भास व्हायला लागले आहेत. रविवारी वाचत होतो. पडद्यावर बाण आपोआप धावत होता. पानं उघडत होती, मिटत होती. माझा हात मांडीवर होता. हिचं असंच सुरू झालं होतं."

सासूबाईंची शेवटची तीन वर्षे विस्मरणात गेली. अखेरीस त्या आम्हाला कुणालाच ओळखत नव्हत्या. तेव्हा त्यांची वेणी नाना घालीत. त्या आजाराची पहिली पायरी कशी असते, हे या घरात त्यांच्याइतके कुणी जवळून पाहिले नव्हते. पाच दिवस तो माणूस एकटा त्या पायरीवर बसून होता!

मी काही न बोलता टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. बाहेरच्या खोलीत गेले, माउस तीन नंबरवर केला आणि मेजावर गोल गोल फिरवू लागले. मध्ये एक भिंत होती. पण दहा मीटरपर्यंत सहज पोहोचणाऱ्या त्या लहरींना एका भिंतीचे काय!

"नाना, बाण दिसतो का?"

"दिसतो. वर गेला. आता खाली आला. अगं, गरगरतोय!"

"मीच फिरवतेय हो! रविवारीही मीच फिरवत होते."

आतून काहीच आवाज आला नाही. घाबरून मी धावले. नाना हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी माझ्या हातून पाणी घेतले आणि मग अगदी सहज म्हणाले, "मी तेव्हा तुला हाक मारली होती. तू 'आलेच' म्हणालीस."

मला आठवले. हाक आली होती, मी 'आलेच' म्हटले होते आणि सेल बदलण्याच्या नादात विसरून गेले होते. माझा हात वीस मिनिटे त्यांच्या खोलीत धुमाकूळ घालीत होता आणि मी मात्र तिथे नव्हते. ही चूक माउसवर ढकलता येत नाही. तो तिघांना ओळखतो, पण एका वेळी एकाचेच काम करतो आणि ते मन लावून करतो. मी मात्र बसते एकीकडे, बोलते दुसरीकडे आणि 'आलेच' म्हणते तिसरीकडे.

ती पिशवी पुन्हा नानांच्या कपाटात गेली. सकाळची बातमी पुन्हा मोठ्या अक्षरांत उघडू लागली. आता माउस उचलला की आधी त्याच्या पोटावरचा दिवा पाहायची मला सवय लागली आहे. दुसरी एक सवय मी लावून घेते आहे, ती जरा अवघड आहे.

आत्ता हे लिहीत असतानाच आतून हाक आली. मी "आले" म्हटले. लगेच उत्तर आले,

"माउस पाठवू नकोस. तू ये."